अंदमानला जाण्यापूर्वी काय वाचावे?

दिवाळी सरली, की पुण्यातून अंदमानकडे निघणाऱ्यांची लगबग सुरू होते. विमानाची तिकिटे, हॉटेल, बोटींचे आरक्षण, टोप्या, औषधे, कॅमेरा अशी तयारीची यादी लांबत जाते. या यादीत पुस्तकाचे नाव आलेच, तर ते अगदी शेवटी येते आणि तेही 'किनाऱ्यावर पडल्यापडल्या वाचायला काहीतरी हवे' म्हणून. वास्तविक अंदमानच्या बाबतीत हा क्रम उलटा असायला हवा. ही बेटे चार-पाच दिवसांत दिसतात. पण समजत मात्र नाहीत. समजण्याचे काम घरी, निघण्यापूर्वीच करावे लागते.

पुस्तके मिळण्याची अडचण पुणेकरांना नाही. शनिवार पेठेच्या वेशीवरील आप्पा बळवंत चौक हा पेशवाईतील सरदार आप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाने ओळखला जातो. पण गेल्या कित्येक पिढ्यांसाठी त्या नावाचा अर्थ 'पुस्तकांचा बाजार' असाच आहे. जूनमध्ये शालेय पुस्तकांसाठी होणारी तेथील गर्दी ओसरली, की ललित, इतिहास, प्रवासवर्णन अशा पुस्तकांसाठी येणाऱ्यांना सवड मिळते. येथून पायी जाण्याच्या अंतरावर लक्ष्मी रस्त्यावर १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आहे, तर नारायण पेठेत १९११ साली सुरू झालेले पुणे मराठी ग्रंथालय आहे. तेव्हा प्रश्न पुस्तके कोठे मिळतील हा नसून, कोणती निवडावीत हा आहे.

मराठी वाचकापुढे या प्रश्नाचे एक उत्तर तयारच असते. 'अंदमानवर काहीतरी द्या' असे म्हटले, की बहुधा 'माझी जन्मठेप' पुढे येते. ते योग्यच आहे. हे पुस्तक न वाचता सेल्युलर जेल पाहणे म्हणजे नकाशाशिवाय किल्ला हिंडणे होय. परंतु केवळ तेवढेच वाचून गेलेला प्रवासी एक इमारत पाहून परततो. त्या इमारतीभोवती पाचशेहून अधिक लहानमोठ्या बेटांचा एक समूह आहे, तेथे हजारो वर्षे राहत आलेली माणसे आहेत, देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या वस्त्या आहेत, प्रवाळ आणि अरण्य आहे, युद्धाची आणि त्सुनामीची आठवण आहे, याची त्याला दखलही नसते. म्हणून अंदमानसाठी एक पुस्तक पुरत नाही. निदान चार प्रकारची पुस्तके लागतात.

'आधी'च का?

अंदमानची सहल साधारणतः पाच-सहा दिवसांची असते. त्यातील बराच वेळ बोटींच्या वेळापत्रकात जातो. बेटे देशाच्या अगदी पूर्वेस असली, तरी घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच असते. त्यामुळे डिसेंबरात सायंकाळी पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. संध्याकाळ मोठी मिळते आणि वाचायला सवडही मिळते. पण तोवर बहुतेक प्रवाशांचे सेल्युलर जेल पाहून झालेले असते. पाहिल्यानंतर वाचून हळहळण्यापेक्षा वाचून पाहणे केव्हाही चांगले.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अंदमानात प्रवाशाला काही निर्णय जागच्या जागी घ्यावे लागतात. जारवांच्या संरक्षित प्रदेशातून जाणाऱ्या रस्त्याने जायचे की नाही, पायाखालचे प्रवाळ उचलायचे की नाही, रस्त्याकडेला दिसलेल्या माणसाकडे कॅमेरा वळवायचा की नाही. सहलीच्या गडबडीत, चालक आणि सहप्रवासी घाई करत असताना हे निर्णय विचारपूर्वक होत नाहीत. ते आधी झालेले असावे लागतात, आणि त्यासाठी माहिती आधी असावी लागते.

तुरुंगाची पुस्तके

ब्रिटिशांनी १७८९ साली येथे पहिली वसाहत केली होती. पण रोगराईमुळे १७९६ साली ती सोडून द्यावी लागली. कायमची बंदीवसाहत सुरू झाली ती मार्च १८५८ मध्ये, १८५७ च्या उठावातील कैद्यांना घेऊन. सेल्युलर जेल त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. मध्यवर्ती मनोऱ्यापासून निघणारे सात पंख आणि सुमारे सातशे एकांतकोठड्या अशी त्याची रचना होती. त्यांपैकी आज तीन पंख उभे आहेत. हा क्रम ध्यानात ठेवला, तर 'काळे पाणी' आणि 'सेल्युलर जेल' हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, हे लक्षात येते. जेल उभे राहण्यापूर्वीची जवळजवळ अर्धशतकाची शिक्षा उघड्यावर, जंगलतोडीत आणि साखळदंडांत भोगली गेली. व्हायपर बेटावरील अवशेष त्या काळाचे आहेत.

विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी अंदमानात पोचले आणि १९२१ साली त्यांना मुख्य भूमीवर परत आणण्यात आले. त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव त्याआधीपासून तेथे होते. या वर्षांची हकिकत सांगणारे 'माझी जन्मठेप' १९२७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. कोलूवर रोज तीस पौंड खोबरेल काढण्याचे काम, काथ्या कुटणे, तुरुंगाधिकारी बारी याची हुकमत, कैद्यांमधील हेवेदावे आणि लेखनसाहित्याविना केलेली काव्यरचना हे सारे त्यात येते. सावरकरांचीच 'काळे पाणी' ही कादंबरीही आहे. ती कथा म्हणून वाचावी, इतिहास म्हणून नव्हे.

मात्र या जेलमधील राजबंद्यांत मोठी संख्या बंगालमधील क्रांतिकारकांची होती, हे मराठी प्रवासी सहसा विसरतो. अलीपूर खटल्यातील बारीन्द्रकुमार घोष यांचे इंग्रजी पुस्तक 'द टेल ऑफ माय एक्झाइल' १९२२ साली आले. त्यांचे सहकारी उपेन्द्रनाथ बंद्योपाध्याय यांचे 'निर्वासितेर आत्मकथा' हे १९२१ चे बंगाली पुस्तक तर त्यातील मिस्कील शैलीसाठी प्रसिद्ध आहे. बारीचा तोच तुरुंग वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांनी कसा सोसला, हे ही पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे दिसते. इंदुभूषण राय यांनी १९१२ साली कोठडीत आत्महत्या केली, उल्हासकर दत्त यांच्या मनाचा तोल ढळला. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहनकिशोर नमदास आणि मोहित मोइत्र यांचा मृत्यू झाला. ही नावे वाचून गेलेला माणूस जेलमधील फलकांपुढे अधिक वेळ थांबतो.

त्याहून मागे जायचे असल्यास मौलाना जाफर थानेसरी यांची उर्दू आत्मकथा आहे. 'काळा पानी' या नावानेही ती ओळखली जाते. १८६० च्या दशकात जन्मठेपेवर आलेल्या या कैद्याने सेल्युलर जेलच्या आधीचे अंदमान पाहिले होते. समग्र आणि कागदपत्रांवर आधारलेला इतिहास हवा असेल, तर र. चं. मजुमदार यांचा 'पीनल सेटलमेंट इन अंदमान्स' हा १९७५ चा ग्रंथ ग्रंथालयात शोधावा. सावरकरांनी सरकारकडे केलेल्या अर्जांवरून आजही वाद होतात. अशा वादात उतरण्यापूर्वी कागदपत्रे स्वतः वाचलेली असणे केव्हाही श्रेयस्कर.

बेटांवरच्या मूळ माणसांची पुस्तके

निवडीची खरी कसोटी येथे लागते. अंदमानच्या मूळ रहिवाशांविषयी जितके लिहिले गेले, त्यात ऐकीव आणि अपमानकारक मजकूर पुष्कळ आहे. मार्को पोलोने येथील माणसांना कुत्र्यासारखी तोंडे असल्याचे लिहून ठेवले. शेरलॉक होम्सच्या 'द साइन ऑफ फोर' या १८९० च्या कादंबरीत टोंगा नावाचा अंदमानी माणूस आहे. त्याचे वर्णन विषारी बाण मारणारा हिंस्र बुटका असे आहे आणि त्याच्या लोकांना नरभक्षक ठरवले आहे. नरभक्षणाचा पुरावा कधीच मिळाला नाही. तरीही ही कल्पना इतकी रुजली, की 'तेथे आदिमानव पाहायला मिळतात' हे वाक्य आजही सहलीच्या गप्पांत ऐकू येते.

या कल्पनेची किंमत बेटवासीयांनी मोजली. ब्रिटिश आले तेव्हा ग्रेट अंदमानी समूहाची संख्या काही हजार होती. गोवर, उपदंश अशा बाहेरून आलेल्या रोगांनी ती काही दशकांत कोसळली. २०११ च्या जनगणनेत ती पन्नासाच्याही आत होती. 'बो' भाषा बोलणारी अखेरची व्यक्ती, बोआ सिनिअर, जानेवारी २०१० मध्ये निवर्तली. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी तिच्याबरोबर आणि उरलेल्या मोजक्या भाषकांबरोबर काम करून या भाषांचा कोश सिद्ध केला आणि पुढे त्यांच्या कथा-गीतांचे 'व्हॉइसेस फ्रॉम द लॉस्ट होरायझन' हे पुस्तक २०२१ साली प्रसिद्ध केले. कुटुंबाने एकत्र बसून वाचावे असे ते पुस्तक आहे. एक माणूस गेल्याने एक भाषा जाते म्हणजे काय, हे त्यावरून मुलांनाही कळते.

जारवांविषयी वाचणे तर अंदमानला जाणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य म्हणावे लागेल. अंदमान ट्रंक रोड त्यांच्या संरक्षित वनातून जातो. १९९७ च्या अखेरीपर्यंत जारवा बाहेरच्यांना दूर ठेवत. त्यानंतर ते शस्त्रांविना वस्त्यांकडे येऊ लागले आणि १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ पसरली. सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ मध्ये संरक्षित वनातील या रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश दिला. पण तो अमलात आला नाही. खाण्याच्या वस्तूंचे आमिष दाखवून जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचवले जात असल्याची चित्रफीत जानेवारी २०१२ मध्ये उघड झाली, तेव्हा जगभर संताप व्यक्त झाला. आदिम जमातींच्या संरक्षणासाठी १९५६ चे जे विनियम आहेत, त्यांतील शिक्षा त्याच वर्षी कडक करण्यात आल्या. वाटेत गाडी थांबवणे, छायाचित्र काढणे, खाद्यपदार्थ देणे यांस मनाई आहे.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी पाहण्याची 'आवर्जून' शिफारस होते. तेथे नेणारा नेहमीचा मार्ग हाच रस्ता आहे. जो हे वाचून गेला आहे, तो निदान जाणीवपूर्वक ठरवील: समुद्रमार्गाची सोय आहे का याची चौकशी करील, गुहांवर पाणी सोडील, किंवा गेलाच तर खिडकीबाहेर कॅमेरा काढणार नाही.

या विषयावरील महत्त्वाच्या लेखनाचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. पुण्यातील 'कल्पवृक्ष' या पर्यावरण गटाशी दीर्घकाळ संबंधित असलेले पंकज सेखसरिया यांनी दोन दशकांहून अधिक काळ या बेटांवर लेखन केले. त्यांच्या 'आयलंड्स इन फ्लक्स' या २०१७ च्या इंग्रजी पुस्तकात वृत्तपत्रीय लेखांचे संकलन आहे. लेख छोटे असल्याने ज्यांना सलग वेळ मिळत नाही, त्यांना ते सोयीचे. 'द लास्ट वेव्ह' ही त्यांची २०१४ ची कादंबरी जारवांच्या प्रश्नाभोवती फिरते आणि २००४ च्या त्सुनामीपर्यंत येऊन पोचते. मधुश्री मुखर्जी यांचे 'द लँड ऑफ नेकेड पीपल' हे २००३ चे पुस्तक बाहेरच्या जगाने या समूहांशी कसा व्यवहार केला, त्याचा वाचनीय आढावा घेते. सेंटिनलींविषयी मानववंशशास्त्रज्ञ त्रिलोकनाथ पंडित यांचे १९९० चे छोटे पुस्तक आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका अमेरिकी तरुणाचा त्या बेटावर मृत्यू झाल्यानंतर जो गदारोळ झाला, त्यापेक्षा हे पुस्तक कितीतरी संयत आणि उपयुक्त आहे.

वस्त्या, युद्ध आणि लाट

आजच्या अंदमानात भेटणारी माणसे कोण, हेही आधी वाचून जावे. हॉटेलातील व्यवस्थापक, बोटीवरील खलाशी, भाजीवाली मावशी हे सारे कोणत्या तरी स्थलांतराचे वंशज आहेत. सुटकेनंतर तेथेच राहिलेल्या कैद्यांची संतती स्वतःला 'लोकल' म्हणवते. मलबारातील १९२१ च्या उठावानंतर आणलेल्या मोपल्यांनी आपल्या गावांची नावे येथे रुजवली. वंडूर आणि मंजेरी ही नावे केरळातलीच. ब्रह्मदेशातील करेन १९२५ च्या सुमारास आले, जंगलकामासाठी छोटा नागपूरचे मजूर आले आणि फाळणीनंतर, १९४९ पासून, पूर्व बंगालमधील निर्वासितांना येथे जमिनी मिळाल्या. या सर्वांना जोडणारी भाषा म्हणजे तेथली खास हिंदुस्थानी. एवढे ठाऊक असले, की 'तुमचे कुटुंब इकडे केव्हा आले?' हा साधा प्रश्न विचारता येतो, आणि त्याच्या उत्तरात पुष्कळदा एखाद्या पुस्तकाचा ऐवज असतो.

जपानी अंमलाचा काळ हे आणखी एक विसरलेले प्रकरण. जपानी सैन्याने २३ मार्च १९४२ रोजी पोर्ट ब्लेअर घेतले आणि ऑक्टोबर १९४५ पर्यंत बेटे त्यांच्या ताब्यात राहिली. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी येथे तिरंगा फडकावला, हे सर्वांना माहीत असते. पण जानेवारी १९४४ मध्ये पंजाबी कवी आणि डॉक्टर दिवाण सिंह 'कालेपानी' यांचा जपान्यांच्या छळाने मृत्यू झाला आणि ३० जानेवारीला हंफ्रीगंज येथे ४४ जणांना गोळ्या घालण्यात आल्या, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. अभिमान आणि दुःख यांच्या तारखा येथे अशा लागून येतात.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने निकोबारची गावेच्या गावे नेली. देशाचे दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचला. अमिताव घोष यांनी त्यानंतर लगेच बेटांना भेट देऊन लिहिलेला दीर्घ लेख 'इन्सेंडियरी सर्कमस्टन्सेस' या त्यांच्या २००५ च्या संग्रहात आहे. काही पानांचाच, पण किनाऱ्यावर उभे राहण्यापूर्वी वाचावा असा.

समुद्र आणि अरण्य

निसर्गावरील पुस्तक निवडताना जाडी पाहू नये, उपयोग पाहावा. पक्षीनिरीक्षकांनी ग्रिमेट आणि इन्स्किप यांचे भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील मार्गदर्शक पुस्तक न्यावे. अंदमान-निकोबारचे पक्षी त्यात समाविष्ट आहेत. प्रवाळांविषयी किमान एवढे वाचलेले असावे, की ते दगड नसून सजीवांनी उभारलेली वसाहत आहे, त्यावर उभे राहिल्याने ती मोडते आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते उचलून आणणे हा गुन्हा आहे. वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली स्थापन झाले. जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिकच्या पिशव्या-बाटल्या नेऊ देत नाहीत. हा नियम का आहे, हे समजलेला प्रवासी कुरकुर करत नाही.

ग्रेट निकोबारला सर्वसाधारण सहली जात नाहीत. तरीही त्याविषयी वाचावे. तेथील गॅलाथिया उपसागर हे लेदरबॅक या महाकाय समुद्री कासवाचे अंडी घालण्याचे महत्त्वाचे ठिकाण आहे. तेथेच बंदर, विमानतळ आणि नगर उभारण्याच्या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. सरकार त्याकडे सामरिक आणि व्यापारी गरज म्हणून पाहते; सेखसरिया यांनी संपादित केलेले 'द ग्रेट निकोबार बिट्रेयल' हे २०२४ चे पुस्तक त्याला विरोध करणाऱ्यांची बाजू मांडते. दोन्ही बाजू वाचून मत बनवावे.

कथा-कादंबऱ्या आणि मुलांसाठी

सर्वांनाच इतिहास रुचतो असे नाही. शुभांगी स्वरूप यांच्या 'लॅटिट्यूड्स ऑफ लाँगिंग' या २०१८ च्या इंग्रजी कादंबरीचा पहिला भाग स्वातंत्र्योत्तर अंदमानात घडतो. भूकंप, वृक्ष आणि मृतात्मे यांच्या सहवासातील एका दांपत्याची ती गोष्ट आहे. मुलांसाठी झाई व्हिटेकर यांची 'अंदमान्स बॉय' ही छोटी कादंबरी आहे. मुंबईहून पळालेला मुलगा अंदमानात पोचतो आणि जारवांच्या सहवासात राहतो, असे तिचे कथानक. दहा-बारा वर्षांच्या मुलाला प्रवासाआधी ही द्यावी. जारवा हे 'पाहण्याची वस्तू' नाहीत, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

निवडताना चार कसोट्या

१. लिहिणारा कोण? कैदी, अधिकारी, संशोधक की चार दिवसांचा पाहुणा? प्रत्येकाला वेगळे बेट दिसते. ब्रिटिश अधिकारी पोर्टमन यांचा १८९९ चा ग्रंथ माहितीने गच्च आहे, पण तो राज्यकर्त्याच्या नजरेतून लिहिलेला आहे, हे विसरू नये.

२. केव्हा लिहिले? २००४ पूर्वीच्या पुस्तकांतील किनारे, धक्के आणि गावे त्सुनामीनंतर तशीच राहिली असतील असे नाही.

३. ठिकाणांची यादी आहे की आशय? कोठे जेवावे, बोट किती वाजता सुटते, ही माहिती हवीच. पण ती लवकर जुनी होते. ती ताज्या स्रोतांतून घ्यावी आणि पुस्तक मात्र दहा वर्षांनीही वाचता येईल असे निवडावे.

४. मूळ रहिवाशांविषयी भाषा कशी आहे? 'रानटी', 'आदिमानव', 'नग्न टोळ्या' अशा शब्दांची रेलचेल असेल, तर ते पुस्तक कपाटात परत ठेवावे. शीर्षकावरून मात्र घाईने निवाडा करू नये. मुखर्जी यांच्या पुस्तकाचे नाव खटकते, पण आतला मजकूर बाहेरच्यांच्या नजरेचीच चिकित्सा करतो.

जुनी नावे, नवी नावे

पुस्तक वाचताना हाताशी ठेवावी अशी ही छोटी नोंद. डिसेंबर २०१८ मध्ये रॉस बेटाचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, नील बेटाचे शहीद द्वीप आणि हॅवलॉकचे स्वराज द्वीप असे झाले. माउंट हॅरिएट २०२१ पासून माउंट मणिपूर झाला. जानेवारी २०२३ मध्ये २१ बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे देण्यात आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम असे नामांतर जाहीर झाले. जुन्या पुस्तकांत अर्थातच जुनी नावे आहेत. नकाशा नवा आणि पुस्तक जुने असेल, तर ही जुळवणी आधीच पेन्सिलीने करून ठेवावी.

बरोबर काय न्यावे?

सारी पुस्तके घरी वाचावीत आणि बरोबर एकच न्यावे, तेही हलके. बेटांवरची हवा दमट असते. पुठ्ठे वाकतात, पाने फुगतात. पुस्तक बंद पिशवीत ठेवावे. ग्रंथालयाचे पुस्तक शक्यतो नेऊच नये. मोबाईलवर वाचणाऱ्यांनी पुस्तक आधीच उतरवून घ्यावे, कारण लहान बेटांवर संपर्क तुटण्याचा संभव असतो. वादळी हवेमुळे बोटी रद्द झाल्या, तर हातातील पुस्तकासारखा सोबती नाही.

कुटुंबाने जायचे असेल, तर एक सोपी वाटणी करता येते. निघण्याआधी तीन आठवडे हाताशी धरावेत. आजी-आजोबांनी 'माझी जन्मठेप' घ्यावे, आई-वडिलांपैकी एकाने बारीन्द्रकुमार किंवा मजुमदार आणि दुसऱ्याने 'आयलंड्स इन फ्लक्स', मुलांनी 'अंदमान्स बॉय'. रविवारी जेवणानंतर प्रत्येकाने आपल्या पुस्तकातील एक हकिकत इतरांना सांगावी. अशा रीतीने चार माणसांत चार पुस्तके होतात आणि ओझे कोणावरच पडत नाही.

इतर बेटांसाठीही हेच

अंदमानऐवजी अन्य बेट ठरले असेल, तरी तोच नियम लागू पडतो: एक पुस्तक तेथील माणसाचे, एक बाहेरून आलेल्याचे. मॉरिशसला जाणाऱ्यांनी तेथील हिंदी लेखक अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना' ही कादंबरी जरूर वाचावी. उसाच्या मळ्यांत राबलेल्या भारतीय गिरमिटियांची ती कहाणी आहे, आणि त्या मजुरांत मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. बालीला जाणाऱ्या मराठी वाचकासाठी पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' आहेच. श्रीलंकेसाठी मायकेल ओंडाची यांचे 'रनिंग इन द फॅमिली' हे १९८२ चे पुस्तक सुचवता येईल. बेट सोडून गेलेला मुलगा परत येऊन आपल्या घराण्याचा शोध घेतो, असे त्याचे स्वरूप आहे.

एवढे तरी वाचावे

ज्यांना खरोखरीच वेळ नाही, त्यांनी निदान तीन गोष्टी कराव्यात. 'माझी जन्मठेप'मधील अंदमानात पोचल्यानंतरची प्रकरणे वाचावीत, जारवांविषयी एक विश्वसनीय लेख वाचावा आणि त्सुनामीवरील अमिताव घोष यांचा लेख वाचावा. दोन संध्याकाळी पुरतात. सेल्युलर जेल त्याने अधिक स्पष्ट दिसेलच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाराटांगच्या वाटेवर, समोरून कोणी जारवा मूल चालत आले, तर कॅमेरा पिशवीतच राहील.